चहापर्यंत पुरणारा लेख

ब्लॉग सुरू करायची कल्पना माझ्या मुलीची. आमचं घर देवबागला. पुढल्या दारी समुद्र, मागल्या दारी खाडी. नवऱ्याची होडी आहे. पूर्वी तो मासे मारायचा, आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मुलगी मुंबईला एका कंपनीत कामाला आहे. दुसऱ्यांच्या वेबसाइटवर काय आणि किती लिहावं ते ती ठरवते. तिच्याच आग्रहावरून आम्ही घराला लागून तीन खोल्या काढल्या आणि होमस्टेची पाटी लावली. आमच्या रस्त्यावर तशा पाट्यांची घरं इतकी आहेत की पाट्या वाचत चालत राहिलेला माणूस शेवटी पाण्यात जाईल. म्हणून मुलगी म्हणाली, मम्मी, तू ब्लॉग लिही. लोक वाचतील, त्यांना घर आपलं वाटेल आणि ते खोली घेतील.

शाळेत मला निबंधाला बरे गुण मिळायचे. एवढ्या तयारीवर मी लिहायला लागले.

सुरुवातीला नियम असा काही नव्हता. दुपारी जेवणं उरकली की ओट्यावर बसून फोनवर लिहायचं, हात दुखला की थांबायचं. पहिला लेख खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, लिहिला: ओहोटीला बायका चिखलात पायाने तिसऱ्या कशा चाचपतात, मग त्या घरी आणून पाण्यात ठेवल्या की वाळू कशी सोडतात, आणि माझी सासू तिसऱ्यांच्या सुक्यात खोबरं किती घालायची. सासूचं नाव निघालं तसा लेख लांबला. दुसरा लेख आमच्या चर्चच्या सणाला गोव्याहून येणाऱ्या पाहुण्यांवर. तो त्याहून मोठा झाला, कारण पाहुणे पुष्कळ होते.

मुलीने दोन्ही वाचले आणि फोन केला. लेख चांगले आहेत, म्हणाली, पण एवढे कोण वाचणार? मग तिने समजावून सांगितलं. माणूस हल्ली रांगेत उभा राहून वाचतो, अंगठ्याने मजकूर वर सरकवत. अंगठा थकायच्या आत लेख संपायला हवा. थोडक्यात लिही, रोज लिही, मध्ये मध्ये ठळक शीर्षकं दे. आणि प्रत्येक लेखात ‘मालवणजवळचा उत्तम होमस्टे’ हे शब्द दोन-तीनदा आले पाहिजेत, म्हणजे शोधणाऱ्याला आपण सापडतो.

ती हे काम पगार घेऊन करते आणि मला फुकट सांगत होती, म्हणून मी ऐकलं. रोज छोटा लेख टाकायला लागले. ताजा बांगडा कसा ओळखावा. देवबागला किती दिवस राहावं. खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर कधी जावं. मुंबईहून कोणती गाडी घ्यावी. लेख लहान असला तरी वेळ मोठ्याइतकाच लागायचा, कारण आधी लिहायचं आणि मग त्यातलं बरंचसं काढून टाकायचं. शिवाय रोज लिहिण्यासारखं आमच्याकडे रोज काही होत नाही. एका आठवड्यात मी संगमावर तीनदा लिहिलं. संगम तोच होता.

महिन्याच्या शेवटी मुलगी फोनवर आलेख दाखवायची. किती जण आले, कुठून आले, किती वेळ थांबले. बहुतेक जण येत आणि लगेच जात. त्यात एक मात्र वेगळा होता. कणकवलीच्या बाजूचा कोणीतरी, रविवार सोडून रोज, सकाळी ठरावीक वेळेला यायचा आणि खूप वेळ थांबायचा. मुलीचं म्हणणं पडलं की कोणीतरी फोन उघडा ठेवून कामाला जात असेल. तो आपला वाचक नाही, त्याला मोजू नकोस. कणकवलीचा माणूस देवबागला येऊन खोली कशाला घेईल? हे खरंच होतं. मी त्याला मोजणं सोडलं.

छोटे लेख सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, एका सकाळी होमस्टेच्या नंबरवर फोन आला. नंबर प्रत्येक लेखाखाली असायचा. बाईमाणसाचा आवाज होता.

“बाय, तुमीच काय ती देवबागची लिवणारी?”

मी हो म्हटलं आणि बुकिंगची वही पुढे ओढली. खोली कधी हवी ते विचारलं. ती म्हणाली, खोली नको.

“पयला तुमी कसा मोठा लिवायचात. आता वाचूक घेतंय, तवसर संपता. तुमका बरा नाय काय?”

मला बरं होतं. मी तसं सांगितलं. तिला ते पटलं नसावं, कारण पुढचा बराच वेळ ती मला कुठला काढा घ्यावा ते सांगत होती. मग हळूहळू सगळं कळलं. ती नांदगावच्या पुढे एका काजूच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे मोठी शेड. फोडलेल्या काजूचे गर भाजून वाळवले की त्यांच्यावर एक पातळ तांबूस साल राहते. ती सुरीने हलके सोलायची, हे त्या शेडमधल्या बायकांचं काम. दिवसभर बसून, मान खाली घालून. एकदा हिने तिसऱ्यांचं सुकं कसं करतात ते फोनवर शोधलं आणि माझा लेख सापडला. शेजारणीने विचारलं, काय वाचतेस? म्हणून हिने मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी दुसरा मागितला. तेव्हापासून ती रोज वाचायची आणि बाकीच्या सोलायच्या. वाचताना तिचं सोलायचं राहतं म्हणून प्रत्येक जण आपल्या सुपातले मूठभर सोललेले गर तिच्या सुपात टाकायची. माझे छोटे लेख आल्यापासून अडचण अशी झाली होती की लेख इतका लवकर संपायचा की मूठभर गर द्यावेत की चिमूटभर, यावरून कुजबूज सुरू झाली होती.

फोन ठेवल्यावर मी बुकिंगची वही मिटली. मी आजवर मुंबईच्या रांगेतल्या एका माणसासाठी लिहीत होते. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या अंगठ्याची मला काळजी होती. आता कळलं की मला एक शेडभर बायका ऐकत होत्या आणि त्यांचे अंगठे कामात होते.

मी नवऱ्याला सांगितलं की मी वाचकांना भेटून येते. त्याने विचारलं, सगळ्यांना? मी म्हटलं, सगळ्या एकाच ठिकाणी आहेत. तो म्हणाला, मग सोयीचं आहे. मालवणहून एसटीने कणकवली, तिथून दुसरी गाडी नांदगावला आणि पुढे रिक्षा. सोबत काय न्यावं ते कळेना म्हणून सुके बांगडे नेले.

शेडमध्ये मधोमध लांब टेबलं होती आणि दोन्ही बाजूंना बायका, डोक्याला टोप्या बांधून. फोन करणारी माझ्याच वयाची निघाली. कपाळावर मोठं कुंकू, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तिने माझी ओळख करून दिली. कोणी उठलं नाही, कारण सोलताना उठायची पद्धत नव्हती, पण सगळ्यांनी मान वर केली. एकीने विचारलं, सासू असते का अजून? मी म्हटलं, वारली. तिने मान हलवली आणि पुन्हा सोलायला लागली. पुढे किती तरी वेळ प्रश्न येत राहिले आणि सगळे घरचेच होते. गोव्याच्या नणंदेचा पाय बरा झाला का? मागल्या दारचा फणस यंदा धरला का? एकीला फक्त एवढंच विचारायचं होतं की मी सारखं ‘मालवणजवळचा उत्तम होमस्टे’ असं का म्हणते. वाचणारी बाई लिहिलेलं सगळं प्रामाणिकपणे वाचायची, शीर्षकंसुद्धा. त्यामुळे ते शब्द तिथे सगळ्यांना पाठ झाले होते. कोणी माहेरपणाला निघाली की बाकीच्या म्हणायच्या, चालली मालवणजवळच्या उत्तम होमस्टेत. मी मुलीचं कारण सांगितलं. त्यांना ते समजलं, पण पटलं नाही.

मग कारखान्याच्या मालकीण बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या माझ्याशी शुद्ध मराठीत बोलल्या, कारण मी लेखिका होते. मीही जमेल तितकं शुद्ध बोलले, कारण त्या मालकीण होत्या.

“तुमच्या लेखनाबद्दल थोडी अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “विनोदी लेख असला की पाकळी जास्त पडते.”

अख्खा गर सोलताना हात हलला की तो फुटून दोन पाकळ्या होतात, आणि पाकळीला अख्ख्या गराचा भाव येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. चर्चच्या सणाच्या लेखात माझा दीर वाजंत्र्यांबरोबर चुकून दुसऱ्याच गावाला जातो, तिथे सगळं टेबल हसलं होतं. त्या दिवशीची पाकळी त्यांनी वेगळी काढून ठेवली होती, मला दाखवायला नव्हे, पण होती म्हणून दाखवली.

मी विचारलं, मग दुःखाचे लिहू का? त्या म्हणाल्या, ते तर नकोच. खाण्याचा माल असल्यामुळे तोंडाला हात लावला की हात धुवायला उठावं लागतं. पहिल्या लेखातलं सासूचं आजारपण वाचलं त्या दिवशी नळावर रांग लागली होती.

मी विचार करून म्हटलं, म्हणजे वाचन बंद करायचं का? त्यांनी घाईने नाही म्हटलं. वाचन चालू असताना बायका आपसात भांडत नाहीत, वेळेवर येतात आणि खाडे करत नाहीत. एकीने तर ताप असताना येऊन ऐकलं होतं, तिला घरी पाठवावं लागलं. त्यांना फक्त लेख बेताचा हवा होता. सकाळी कामाला बसल्यावर सुरू होऊन चहाच्या सुट्टीपर्यंत पुरेल असा. चहाच्या आधी संपला तर बायका उरलेल्या वेळात त्यावर बोलत बसतात आणि चहाच्या पुढे गेला तर चहा सोडून ऐकतात. रोज नको, कारण रोज झालं की सवय होते आणि लक्ष उडतं. सोमवारी आणि गुरुवारी बरं पडेल.

आजवर मला लेखनाबद्दल कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी मान्य केलं.

घरी येऊन मुलीला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मम्मी, ह्यातली एक तरी बाई खोली घेणार आहे?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग हा ब्लॉग कशासाठी आहे? मी म्हटलं, सोमवार आणि गुरुवारसाठी आहे. तिच्या ऑफिसात तिला असं उत्तर कोणी देत नसावं. नंतर तिने स्वतःच खोल्यांसाठी एक वेगळं पान केलं. त्यावर फोटो टाकले, नकाशा टाकला आणि ते उत्तम होमस्टेचे शब्द पाहिजे तितक्या वेळा लिहिले. पाहुणे त्या पानावरून यायला लागले. म्हणजे तिचंही बरोबरच होतं.

मी शीर्षकं काढून टाकली. लेख झाला की मोठ्याने वाचून बघायचे, कारण वाक्य लांबलं की वाचणारीला श्वास पुरायचा नाही. डोळ्याने वाचताना न कळणाऱ्या गोष्टी तोंडाने वाचताना कळतात. ‘त्यामुळे’ आणि ‘तथापि’ एका वाक्यात आले की जीभ अडते. ‘तथापि’ तर मी सोडूनच दिलं. किती लांब लिहावं याचा अंदाज चुकत चुकत आला. लेख टाकला की दुपारी वाचणारीचा फोन यायचा: आज चहा पयलो इलो, किंवा आज संपलो तरी चहाक वेळ होतो. त्यावरून पुढच्या वेळी कमी-जास्त करायचे.

हसवायचं नाही आणि रडवायचंही नाही, हे मात्र जड गेलं. लिहिताना मनात मधूनच पाकळी यायची. एकदा दिराची आणखी एक गोष्ट आठवली आणि मी ती अर्धी लिहून पुसली. कारखान्याला न परवडणारी होती.

पावसाळ्याच्या तोंडाला मी समुद्र आत आला त्या वर्षाचा लेख लिहिला. आमच्या पुढल्या दारी तेव्हा माडांची एक रांग होती. लाटा रोज थोडी थोडी माती घेऊन जात आणि माड एकेक करून समुद्राकडे झुकत. नवऱ्याने आणि मी दगड आणून टाकले, वाळूच्या गोण्या रचल्या. तेही गेलं. शेवटचा माड पडला तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर बसून बघत होतो. त्याच्यावरचे नारळ पाडून घ्यावेत असं दोघांनाही सुचलं नाही. नारळ पाण्यावर तरंगत खाडीच्या तोंडाकडे गेले आणि नवरा म्हणाला, बरे नारळ होते. एवढंच लिहिलं. कोणी रडलं, कसं वाटलं, काही लिहिलं नाही, कारण नळावर रांग नको होती.

त्या दुपारी वाचणारीचा फोन आला नाही. संध्याकाळी मालकीण बाईंचा आला. त्यांनी सांगितलं की पाकळी नेहमीपेक्षा कमी पडली आणि कोणी उठलं नाही. फक्त चहा झाल्यावर बायका लगेच कामाला बसल्या नाहीत, थोड्या वेळाने बसल्या. मी म्हटलं, सॉरी. त्या म्हणाल्या, नाही, त्यात काही नाही. मग पहिल्यांदाच त्या मालवणीत बोलल्या. “माझ्या मायच्या घराकडेय तसाच झालला,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या किनाऱ्यावरच्या आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाऊस धरला आणि बायका लावणीला गेल्या. कारखाना बंद झाला. मुलगी म्हणाली, लिहिण्यात खंड पाडू नकोस, वाचक तुटतात. मी म्हटलं, वाचक चिखलात उभे आहेत, फोन कुठे ठेवतील? मी लिहिणं बंद ठेवलं. सोमवारी सकाळी मात्र चुकल्यासारखं व्हायचं. मी उगीच ओट्यावर येऊन बसायचे आणि नवरा विचारायचा, काय गो, कोणाची वाट बघतस? कोणाची बघत नव्हते. त्या महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की मी होमस्टेसाठी लिहीत नव्हते आणि आपल्या हौसेसाठीही नव्हते. त्या टेबलाला बसायला मला आवडायचं, एवढंच होतं.

गणपती झाल्यावर कारखाना सुरू झाला आणि मीही. आणि नाताळाच्या आधी एका रविवारी त्या सगळ्या टेम्पो करून देवबागला आल्या. खोली नको होती. संध्याकाळी परत जायचं होतं. येऊन त्यांनी आधी घराची तपासणी केली. लेखात वाचलेलं सगळं आहे का ते बघितलं. फणस बघितला. सासूची खुर्ची बघितली. घर लेखात मोठं होतं, असं एकीचं मत पडलं. मी म्हटलं, मी मापं दिली नव्हती. ती म्हणाली, तरी मोठं होतं.

नवरा होडीवरून आला आणि अंगणात थबकला. त्याने माझा एकही लेख वाचलेला नव्हता. त्याला वाटलं होतं मी बांगड्यांवर आणि गाड्यांच्या वेळांवर लिहिते. एका बाईने त्याला विचारलं, गुडघो कसो आसा आता? दुसरीने विचारलं, भाताबरोबर अजून आमटी वेगळ्या वाटीतच लागते का? तिसरीने काही विचारलं नाही, नुसती त्याच्याकडे बघून म्हणाली, हेच ते, बरे नारळ होते म्हणणारे. त्याने सगळ्यांना व्यवस्थित उत्तरं दिली. त्यांना होडीत बसवून फिरवून आणलं, डॉल्फिनही दिसले. तो होडी बांधत होता तेव्हा त्या काठावर गप्प उभ्या होत्या, कारण त्याच्या दोराला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला चालत नाही, हे त्यांना माहीत होतं.

टेम्पो गेल्यावर तो ओट्यावर बसला.

“माझ्या गुडघ्याचा सगळ्यांका सांगलंस?”

मी हो म्हटलं. त्याने विचारलं, आणखी काय काय सांगितलंस? मी म्हटलं, बरंच. तो रागावला असावा असं मला वाटलं, कारण जेवताना त्याने आमटी भातावरच ओतून घेतली. जेवण झाल्यावर म्हणाला, वाच. मी समुद्राचा लेख वाचून दाखवला. तो पायावर पाय टाकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता, तू लिहिलंयस पश्चिमेचा. आणि गोण्या आपण आधी आणल्या, दगड नंतर. बाकी बरोबर आहे.

तेव्हापासून तो ज्या लेखात येतो तो लेख आधी त्याला ऐकवायचा, असं ठरलं. त्याच्या हरकती वाऱ्याच्या, दोराच्या आणि माशांच्या नावांच्या असतात. स्वतःबद्दल काय लिहिलंय त्यावर त्याने अजून हरकत घेतलेली नाही. त्याच्या दुरुस्त्यांमुळे लेख थोडे लांबतात आणि मला दुसरीकडून कापावे लागतात.

मध्यंतरी वाचणाऱ्या बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती आता बाकीच्यांबरोबर सोलते आणि ऐकते. म्हणाली, ऐकायला जास्त बरं, वाचताना पुढचं आधीच कळतं. तिच्या जागी तिची सून वाचते. सून कॉलेजला गेलेली आहे, तिचा आवाज स्वच्छ आहे, पण ती भराभर वाचते आणि पूर्णविरामाला थांबत नाही. पहिल्याच सोमवारी लेख चहाच्या कितीतरी आधी संपला. मालकीण बाईंचा फोन आला. मी त्यांना सुचवलं की सुनेला सावकाश वाचायला सांगा. त्यांनी सांगून पाहिलं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्हीच जरा जास्त लिहा.

मी आता दीडपट लिहिते.